गोळी

पेटीत सहा दोरे आहेत नायलॉनचे.
हिरवा सगळ्यात हलका, मुंगीच्या पायाइतका,
मग निळा, जांभळा, लाल, असे जडावत जाणारे.
कोयनाकाठच्या अकरा गावांत मी एवढंच म्हणत फिरते :
डोळे मिटा. लागलं की तिथं बोट ठेवा.

लोक हसतात. काहींना गुदगुल्या होतात.
मैत्रीण फोनवर म्हणाली, अजून आहे होय तो रोग?
मला वाटलं, देवीसारखा गेला.

हिंदुराव पोळ, गुळव्या, वय त्रेपन्न.
घरी सापडेना, म्हणून गुऱ्हाळावरच गेले,
तांबव्याच्या खालच्या अंगाला.
चुलवाणात चिपाडं, काईल रटरटत होती,
भेंडीच्या चिकानं मळी वर आलेली.
मालक म्हणाले, "आमच्या गुळव्याला बघा मॅडम.
बाकीचे हात आधी गार पाण्यात बुडवत्यात.
ह्यो कोरडाच घालतोय.
पंचक्रोशीत न्हाई असला गडी."

त्यानं घातला.
बोटांनी पाक उचलला, चरवीतल्या पाण्यात सोडला,
गोळी वळली, काठावर आपटली : टण्ण.
सगळे माझ्याकडं बघत होते.
मी त्याच्या करंगळीकडं.
ती आत वळली होती,
थंडीत अंग चोरून झोपलेल्या पोरासारखी.

कोपरामागची नस चऱ्हाटाएवढी.
आणि आगीसमोरच्या त्या निथळत्या पाठीवर
हातभर जागेत कुठंतरी
रुपयाएवढा फिकट, कोरडा चट्टा. घामसुद्धा तिथं येत नव्हता.

डोळे मिटा.
हिरवा.
निळा.
जांभळा टेकला, वाकला, सरळ झाला.
लालसुद्धा.
डोळे मिटूनच तो म्हणाला,
"करा की सुरू."

मग जे शिकवलंय ते सांगितलं :
बारा महिन्यांची पाकिटं, फुकट.
लघवी लाल होईल, घाबरायचं नाही.
पहिली गोळी पोटात गेली
की दुसऱ्याला लागण्याची भीती सरत जाते.
हाताचं मात्र मी काही बोलले नाही.
त्यानं एवढंच विचारलं,
"म्हंजी ती कला न्हवती तर?"

माझ्याकडं चाळीस प्रश्न छापलेले होते.
त्याचा एक कुठं लिहायचा कळेना.

कानाच्या पाळीतला थेंब बर्फात घालून पुण्याला गेला.
हा जंतू काचेच्या बशीत वाढत नाही,
माणूसच लागतो त्याला.
पंधरा-पंधरा दिवसांनी एकाचे दोन, इतका निवांत,
म्हणून आम्ही फार मागचं विचारतो.
प्रश्न तेवीस : लहानपणी जवळ कोण झोपायचं?
"आई," तो म्हणाला. मग बराच वेळ राखेकडं बघत,
"शेवटची सात वर्षं ती परड्यात ऱ्हायची.
ताट सरकवायचो आमी.
का, ते कुणी सांगितलं न्हाई."
मी लिहिलं : आई. मयत. तपासणी नाही.

फाल्गुनात हंगाम उरकत आला तेव्हा पुन्हा गेले.
चेहरा काळवंडलेला, गोळ्यांनी. हाताला फडकं.
काईलीपाशी लांब दांड्याची पळी घेऊन इलाही,
जो परवापर्यंत जाळ सारायचा.
हिंदुराव बाजूला, उपड्या डब्यावर, डोळे मिटून.
मला वाटलं झोप लागली.
पाकाचा आवाज बदलला म्हणे,
मला तर तो तसाच वाटत होता, खदखद, खदखद.
"आता," तो म्हणाला.
इलाहीनं थेंब सोडला. गोळी वळली.
टण्ण.

निघताना त्यानं किलोभर गूळ दिला, कागदात, अजून कोमट.
काही म्हणाला नाही. माझ्या चेहऱ्याकडं मात्र बघत राहिला,
मी तिथंच खडा तोडून तोंडात टाकेपर्यंत.

कराडला आल्यावर बाकीचा ऑफिसात टेबलावर ठेवला.
आम्ही पाचजण. भिंतीवर आमचंच पोस्टर :
स्पर्शानं घाबरू नका.
कुणाच्या हातचा, असं एकानं विचारलं, मी सांगितलं.
मंगळवार होता, चतुर्थी नव्हती,
तरी तिघांना उपवास निघाला.

गूळ उपवासाला चालतो.